'भटक्या'चा रस्ता : राजपथ, गंजगोलाई आणि मराठी समीक्षेतील शहर

पॅरिसच्या राजपथांवर रमतगमत हिंडणाऱ्या, गर्दीत असूनही गर्दीचा न झालेल्या पुरुषाला फ्रेंच भाषेत 'फ्लानर' म्हणतात. शार्ल बोदलेअरची कविता आणि वाल्टर बेन्यामिनचे चिंतन यांमुळे या व्यक्तिरेखेला समीक्षासंकल्पनेचे स्थान प्राप्त झाले. आधुनिक शहराची जाणीव म्हणजे या हिंडणाऱ्याची जाणीव, असे एक समीकरण त्यातून रूढ झाले. मराठीतील शहरी साहित्याची चर्चा करतानाही हे समीकरण कधी उघडपणे, तर कधी अध्याहृतपणे वापरले जाते. त्याची चिकित्सा करण्याचा एक साधा मार्ग आहे. तो म्हणजे 'फ्लानर' या शब्दाला मराठी पर्याय शोधून पाहणे.

'रिकामटेकडा' या शब्दात निंदा आहे. 'उनाड' हा शब्द पोरवयाला लागू पडतो. 'वाटसरू' आणि 'पांथस्थ' यांना कोठेतरी पोहोचावयाचे असते. 'वारकरी' चालतो तो दिंडीबरोबर, आणि त्याचे मुक्कामाचे ठिकाण शतकानुशतके ठरलेले आहे. शेवटी 'भटक्या' हा शब्द उरतो. 'भटकंती'ला अलीकडे हौसेचा अर्थ प्राप्त झाला असला, तरी 'भटक्या' म्हटल्यावर मराठी भाषकाच्या मनात 'भटक्या-विमुक्त जाती-जमाती' हीच संज्ञा प्रथम उभी राहते. पॅरिसमध्ये जी चैन होती ती मराठीत येताच जमातीची नोंद होते. हा केवळ भाषांतराचा अडथळा नव्हे. 'फ्लानर' ही संकल्पना ज्या सामाजिक अटींवर उभी आहे, त्या अटी मराठी समाजात कोणाला उपलब्ध होत्या, हा प्रश्न भाषाच येथे उपस्थित करीत आहे.

या अटी समजण्यासाठी राजपथाचा इतिहास थोडक्यात पाहावयास हवा. 'बुलेव्हार' हा शब्द मुळात तटबंदीच्या अर्थाचा आहे. चौदाव्या लुईच्या काळात, १६७० पासून, पॅरिसचे जुने तट पाडून त्यांच्या जागी वृक्षांच्या रांगा असलेले रुंद रस्ते करण्यात आले. तट गेला, नाव राहिले. सर्वाधिक ख्याती पावलेला शाँझेलिझे हा मात्र तटावर उभारलेला रस्ता नव्हे. १६६७ मध्ये आंद्रे ल नोत्र या उद्यानरचनाकाराने तुइलेरी राजोद्यानाचा अक्ष पश्चिमेकडे वाढवून तो आखला. ग्रीक पुराणांतील वीरपुरुषांच्या परलोकाचे, एलिसियमचे, नाव त्याला अठराव्या शतकाच्या आरंभी मिळाले. सुमारे १.९ किलोमीटर लांब आणि ७० मीटर रुंद असा हा रस्ता नेपोलियनने १८०६ मध्ये उभारावयास घेतलेल्या आणि १८३६ मध्ये पूर्ण झालेल्या विजयकमानीपाशी संपतो. १८५३ ते १८७० या काळात पॅरिसचा प्रशासकीय प्रमुख असलेल्या बॅरन ओस्मानने या कमानीभोवतीच्या चौकात एकूण बारा रस्ते एकत्र आणले. त्या चौकास 'एत्वाल', म्हणजे तारा, असे नाव पडले.

ओस्मानच्या रस्त्यांमागील हेतू एकेरी नव्हते. कोंदट वस्त्यांत हवा खेळावी, सांडपाणी वाहून जावे, वाहतूक सुकर व्हावी, जमिनीचे भाव चढावेत, आणि बंडखोरांना अरुंद गल्ल्यांत अडथळे रचून सैन्याला रोखणे अवघड जावे, हे सारे त्यात होते. त्यासाठी जुन्या वस्त्या पाडण्यात आल्या आणि गरीब रहिवासी कडेला लोटले गेले. म्हणजे ज्या रस्त्यावर फ्लानर मोकळेपणाने हिंडतो, तो रस्ता कोणाचे तरी घर पाडून झालेला आहे. बोदलेअरला याची पूर्ण जाणीव होती. 'पापाची फुले' या संग्रहाच्या १८६१ च्या आवृत्तीत त्याने 'पॅरिसची चित्रे' हा नवा विभाग घातला. त्यातील हंसावरची कविता नाहीशा होणाऱ्या जुन्या शहराचा शोक करते. 'गरिबांचे डोळे' या गद्यकवितेत नव्या राजपथाच्या कोपऱ्यावरील झगमगीत कॅफेत एक जोडपे बसले आहे. रस्त्यावर अजून राडारोडा पडलेला आहे. बाहेर एक गरीब बाप दोन मुलांसह उभा राहून आत पाहतो आहे. पुरुष संकोचतो, तर स्त्रीला ते डोळे नकोसे होतात. मार्शल बर्मनने १९८२ च्या आपल्या ग्रंथात या रचनेला आधुनिकतेच्या विवेचनात मध्यवर्ती स्थान दिले, ते योग्यच आहे. राजपथाने ज्यांना हटवले त्यांनाच तो समोर आणून उभे करतो.

तरीही या गद्यकवितेत बघणारा कवी आणि बघितला जाणारा गरीब हे नाते बदलत नाही. गरीब बापाच्या डोळ्यांत काय आहे हे कवी सांगतो, बाप सांगत नाही. फ्लानरच्या स्थानाला आधार देणाऱ्या तीन अटी येथे स्पष्ट होतात. त्याच्याजवळ रिकामा वेळ आहे. त्याला रस्त्यावर कोणी ओळखत नाही. आणि विनाकारण थांबण्याचा त्याचा अधिकार कोणी तपासत नाही. या अटींवर युरोपातही आक्षेप घेतले गेले आहेत. जॅनेट वुल्फ यांनी १९८५ च्या निबंधात दाखवून दिले, की आधुनिकतेच्या या वाङ्मयात हिंडणारी स्त्री अदृश्यच राहिली आहे. स्त्री एकटी रेंगाळली तर तिला वेगळे नाव मिळत असे.

राजपथ आणि अनेक रस्त्यांना जोडणारे वर्तुळ ही भूमिती मराठी मुलखाला अपरिचित नाही. मराठवाड्यात, लातूर शहराच्या मध्यभागी, गंजगोलाई आहे. निजामाच्या राजवटीत आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये मोठी दुमजली गोल इमारत आहे आणि जगदंबेचे मंदिर आहे. पॅरिसच्या ताऱ्याला बारा किरण आहेत, तर लातूरच्या वर्तुळाला सोळा. परंतु साम्य येथेच संपते. एत्वालच्या मध्यभागी विजयाचे स्मारक आहे आणि रस्ते त्याच्याकडे नजर नेण्यासाठी आहेत. गोलाईच्या मध्यभागी दुकाने आणि देवी आहे, आणि रस्ते तेथवर माल नेण्यासाठी आहेत. 'गंज' या फारसी शब्दाचा अर्थच खजिना, साठा, आणि पुढे बाजार असा आहे. कापड लाईन, सराफ लाईन, भुसार लाईन ही येथील नावे कोणा सेनापतीची वा लढाईची नाहीत. ती विकल्या जाणाऱ्या वस्तूंची आहेत. मराठवाड्यातील ही नियोजित आधुनिकता पाहण्यासाठी नव्हे, तर देवघेवीसाठी जन्मास आली.

लातूरच्या पश्चिमेस बार्शीच्या रस्त्यावर असलेल्या मुरूडसारख्या बाजारगावाकडून पाहिले, की गोलाईची रचना अधिक स्पष्ट होते. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत पोहोचली, आणि या पट्ट्यातील तूर, करडई, कापूस, गूळ यांना बाहेरची बाजारपेठ मिळाली. मुरूडकडचा शेतकरी लातूरला जाई तो माल घेऊन. अडत्याच्या दुकानापुढे गाडी सोडणे, हमाल-मापाड्यांची वाट पाहणे, पट्टी हाती पडणे, मग उधारी चुकवून उरल्या पैशांत कापड लाईनीत आणि क्वचित सराफ लाईनीत शिरणे, असा त्याच्या चालण्याचा क्रम असे. तो पैशाने ठरवलेला क्रम होता. येथे कोणी दुकानांच्या काचांत स्वतःचे प्रतिबिंब पाहत रेंगाळत नाही. पट्टीतील आकड्यावर कोणत्या लाईनीत शिरावयाचे हे ठरते, आणि कोणत्या लाईनीत शिरावयाचे नाही हेही.

फ्लानरची पहिली अट, रिकामा वेळ, येथे नाही, हे एवढ्यावरूनही दिसते. परंतु केवळ अभाव नोंदवून समीक्षेचे काम संपत नाही. त्या अभावाच्या जागी कोणती जाणीव आहे, हे संहितेत शोधावे लागते. याच पट्ट्यातून, कळंब परिसरातून, आलेल्या भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शेतकरी बाप टोमॅटो घेऊन बाजारात येतो, शाळकरी मुलगा बरोबर आहे. मालाची आवक वाढत जाते तसा भाव कोसळत जातो, आणि शेवटी बाप स्वतःच्या हाताने पिकवलेला माल स्वतःच्या पायांखाली तुडवतो. ही कथा सर्रास 'ग्रामीण कथा' म्हणून वाचली जाते, आणि तीत शेतकऱ्याचे दुःख आहे हे खरेच आहे. परंतु तिचे घटनास्थळ शेत नाही, बाजार आहे. तिच्यातील प्रतिपक्ष सावकार वा पाटील नाही. चेहरा नसलेला भाव हाच येथे प्रतिपक्ष आहे.

बेन्यामिनने बोदलेअरवरील आपल्या निबंधात महानगरी अनुभवाचे मर्म 'धक्का' या संकल्पनेत पाहिले. गर्दीत अनोळखी देहांचे, वाहनांचे, दृश्यांचे सतत धक्के बसतात आणि जाणीव त्यांच्यापासून स्वतःला वाचवीत राहते, असे त्याचे प्रतिपादन आहे. 'लाल चिखल'मधील धक्का गर्दीच्या स्पर्शाचा नाही. तो आकड्याचा आहे. सकाळी एक भाव आणि थोड्या वेळाने दुसरा, यांमधील अंतरात एका कुटुंबाचे वर्ष सामावलेले असते. हा अनुभव आधुनिक नाही असे कसे म्हणता येईल? किंबहुना भांडवली व्यवहाराचे अमूर्त रूप येथे पॅरिसच्या रस्त्यापेक्षा अधिक थेटपणे अंगावर येते, कारण बघ्या आणि विक्रेता यांच्यात कोणतेही अंतर उरलेले नाही. निवेदक म्हणून कथेत असलेला मुलगा हा बघ्या आहे खरा. परंतु जे तो पाहतो त्यात त्याचे स्वतःचे पोट गुंतलेले आहे.

दुसरी अट अनोळखीपणाची. शहरात माणसाला कोणी ओळखत नाही, म्हणून शहर मुक्त करते, हा विचार मराठीतही आहे, आणि जातीच्या संदर्भात त्याला मोठे वजन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावगाड्यावर केलेल्या टीकेमागे हेच वास्तव होते. तथापि साहित्याची साक्ष असे सांगते, की अनोळखीपणा शहराच्या वेशीवर आपोआप मिळत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) नोकरीनिमित्त अहमदपूर-लातूरकडे आलेल्या निवेदकापुढे भाड्याची खोली शोधताना जातीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर तो अनोळखी आहे, पण उंबऱ्यावर त्याला ओळख द्यावी लागते. फ्लानरच्या शहरात रस्ता आणि घर यांचा असा संबंध नसतो. तो हिंडून घरी परततो, एवढेच वाचकाने गृहीत धरावयाचे असते. लातूरमध्ये मात्र रस्त्यावरचे स्वातंत्र्य घर मिळण्याच्या शक्यतेशी बांधलेले आहे.

अनोळखीपणाच्या अलीकडे रस्त्याचाच हक्क येतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये समोरून वरच्या जातीचा माणूस आला की महारांना रस्ता सोडून बाजूला उतरावे लागे, याचे वर्णन आहे. फलटण परिसरातील ही हकिकत मराठवाड्याबाहेरची असली, तरी मराठी मुलखातील रस्त्याचे व्याकरण ती सांगते. बोदलेअरच्या गद्यकवितेतील गरीब बाप निदान कॅफेसमोर उभा राहू शकतो. येथे समोरासमोर येणेच निषिद्ध आहे. म्हणून मराठीत 'रस्त्यावरून चालणे' ही क्रिया साहित्यात तटस्थ असू शकत नाही. कोण चालतो आहे यावर तिचा अर्थ ठरतो.

तिसरी अट, विनाकारण थांबण्याचा अधिकार, ही 'भटक्या' शब्दाकडे परत नेते. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हजेरी, परवाना, ठरलेल्या हद्दीबाहेर न जाण्याचे बंधन अशा उपायांनी त्यांच्या हालचालीवर नियंत्रण आणले गेले. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या इतिहासाच्या पोटातून आलेले आत्मकथन आहे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. लातूरजवळचे धनेगाव, लातूरचा बाजार आणि लातूरची सूतगिरणी हे त्याचे भौगोलिक क्षेत्र आहे. आजवर या आत्मकथनाचे वाचन प्रामुख्याने वेदना, शोषण, पोलिसी अत्याचार आणि त्यातून घडणारा कार्यकर्ता या सूत्रांनी झाले. ती सूत्रे खरी आहेत. परंतु 'उचल्या' हे शहराचे आणि गर्दीचेही एक समर्थ वाचन आहे, याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेले नाही.

खिसा कापून जगणाऱ्याला गर्दी वाचता यावी लागते. कोणाच्या हाती पट्टीचे पैसे आले आहेत, कोण बावरलेला आहे, कोणाचे लक्ष कोठे आहे, हे त्याला चेहऱ्यावरून, चालीवरून, वस्त्रांवरून ओळखावे लागते. फ्लानरचे कौशल्य नेमके हेच मानले जाते. फरक असा, की फ्लानर गर्दी वाचून कविता करतो, तर येथे वाचनावर रात्रीची भाकरी अवलंबून आहे. शिवाय वाचणारा स्वतःही वाचला जात असतो, कारण पोलिसांची नजर त्याच्यावर आहे. बघण्याची सत्ता येथे एकतर्फी नाही. पाहणारा आणि पाळतीखाली असलेला हे दोघे एकाच देहात आहेत. बोदलेअरच्या गद्यकवितेत जे दोन टोकांना आहेत, कवी आणि 'गरिबांचे डोळे', ते 'उचल्या'त एकत्र आले आहेत. गरिबाचे डोळे येथे स्वतः बोलतात. मराठी साहित्याने शहराच्या जागतिक वाङ्मयात घातलेली ही भर आहे, आणि ती मुंबईतून नव्हे, लातूरच्या बाजारातून आली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मराठीत मुंबईची कविता आहे. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'ने (१९६६) रस्त्यालाच शिक्षणसंस्था मानले, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) महानगराचा अधोलोक भाषेत आणला, आणि अरुण कोलटकरांनी काळा घोडा परिसराकडे वर्षानुवर्षे एका उपाहारगृहातून पाहिले. मग फ्लानर मराठीत आहेच, असे म्हणता येणार नाही काय? कोलटकरांच्या बाबतीत हा आक्षेप काही अंशी मान्य करावा लागेल. मात्र त्यांचा बघ्याही हिंडण्यापेक्षा बसून पाहतो, आणि त्याच्या कवितेत पदपथावर राहणारी माणसेच हळूहळू जागेची धनी होतात. सुर्वे आणि ढसाळ यांच्याकडे तर रस्ता हे पाहण्याचे ठिकाण नाही, राहण्याचे आणि कष्टाचे ठिकाण आहे. म्हणजे मुंबईची उत्तम कविताही राजपथाच्या संकल्पनेत बसण्यापेक्षा तिला धक्का देते. आक्षेपातून जे निष्पन्न होते ते मूळ मुद्द्याला पूरकच आहे.

तेव्हा अडचण साहित्याची नाही, वर्गीकरणाची आहे. मराठी समीक्षेने 'ग्रामीण' आणि 'महानगरी' असे दोन कप्पे केले. पहिल्यात शेत, ऋतू, बोली, नातीगोती. दुसऱ्यात गर्दी, एकाकीपणा, तुटलेपणा. या दोहोंमधील बाजारगाव, गंज, मोंढा, तालुक्याचे ठिकाण यांना स्वतंत्र स्थान उरले नाही. परिणामी 'लाल चिखल' ग्रामीण ठरते, 'उचल्या' दलित-भटक्यांच्या आत्मकथनांत जाते, आणि दोन्ही एकाच बाजारव्यवस्थेविषयी बोलत आहेत हे दिसेनासे होते. मुरूडसारख्या गावात शेत आणि हमरस्ता, अडत आणि महाविद्यालय शेजारी शेजारी नांदतात. तेथील विद्यार्थ्याच्या हाती समीक्षेने हे दोनच कप्पे दिले, तर स्वतःच्या अनुभवाला तो कोणत्याही कप्प्यात ओळखू शकणार नाही. हे नुकसान केवळ पारिभाषिक नाही.

या परिसराने आखीव रस्त्याचा आणखी एक, अधिक कठोर अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. वाड्यांच्या दाटीतून जाणाऱ्या गल्ल्यांच्या जागी रुंद, सरळ रस्ते आले. घरांची क्षेत्रे जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी ठरली. भूमितीने गाव मोकळे केले, पण उतरंड क्षेत्रफळाच्या आकड्यांत कायम ठेवली. पॅरिसमध्ये पाडापाड सत्तेने केली, येथे निसर्गाने केली. परंतु नवे रस्ते आखण्याचे काम दोन्हीकडे वरूनच झाले. अशा गावातून येणारी कथा-कविता वाचताना 'गाव हरवल्याचे दुःख' हे ग्रामीण साहित्याचे परिचित सूत्र पुरणार नाही. तेथे हंसावरच्या कवितेचे स्मरण अधिक उपयोगी ठरेल. पाश्चात्त्य संकल्पना टाकून देणे हा येथील युक्तिवाद नाही. ती कोठे लागू पडते आणि कोठे अडते, हे संहितेपाशी तपासले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

बेन्यामिनचा पॅरिसवरील महाप्रकल्प १९२७ पासून चालला आणि अपुराच राहिला. तो १९८२ मध्ये प्रथम ग्रंथरूपाने आला. नाझींपासून पळणाऱ्या या ज्यू लेखकाजवळ फ्रान्स सोडण्याचा परवाना नव्हता. सप्टेंबर १९४० मध्ये स्पेनच्या सीमेवर त्याला अडवण्यात आले आणि तेथेच त्याने जीवनाचा अंत केला. फ्लानरचा सर्वांत मोठा भाष्यकार अखेरीस परवान्यावाचून अडलेला माणूस होता. त्याच्या सिद्धान्ताचे वाचन मराठीत करावयाचे तर ते रमणाऱ्या पुरुषाच्या बाजूने करण्यापेक्षा या अडवल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने करणे अधिक फलदायी ठरेल. 'फ्लानर'साठी 'भटक्या' हा शब्द अपुरा आहे म्हणून तो टाळण्याची गरज नाही. तो वापरावा, आणि तो वापरताना हजेरी, परवाना, पट्टी आणि उंबऱ्यावरचा प्रश्न यांचे ओझे त्याच्यासोबत समीक्षेत येऊ द्यावे.